पुढचं डावं चाक

प्रिय ताई,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. यात माझं मत कुठेही नाही.

१. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता तुमच्या अंगणात भावजींनी तुझ्या गाडीच्या तीन चाकांवर सीलंट मारलं. पुढचं डावं चाक मुद्दाम तसंच काळं ठेवलं.
२. सीलंट मारताना चाकं गाडीवरून काढली नव्हती.
३. साडेपाचला त्यांनी चारही चाकांचे फोटो काढले. त्यानंतर गाडी सकाळपर्यंत जागची हलली नाही.
४. गुरुवारी सकाळी आठ चाळीसला तू सासूबाईंना शेजारी बसवून निघालीस. घराखालच्या उताराच्या तळाशी वळणावर गाडी डावीकडे गेली आणि दगडी भिंतीवर आदळली.
५. सासूबाईंचं मनगट मोडलं. तुला काही लागलं नाही.
६. भावजी धावत खाली आले आणि त्यांनी तुला विचारलं, की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबलास का.
७. शुक्रवारी दुपारी त्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड स्वतःच्या हाताने बदलले.
८. याला आज सहा आठवडे झाले. तू गाडी चालवलेली नाहीस. रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेण्याचं काम थांबवलंस आणि दवाखान्यात बसून लोकांच्या वेळा नोंदवतेस.

आता बाकीचं. हे पत्र मी तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी फोन केला की तू दोन वाक्यं बोलतेस आणि फोन भावजींच्या हातात देतेस, मग ते मला हवामान सांगतात. त्यांच्याबद्दल मी या पत्रात 'ते' आणि 'म्हणाले' असंच लिहिणार आहे, पण सवयीने. त्यात आदर शोधायला जाऊ नकोस. वरचं पहिलं कलम मला इतकं नेमकं कसं माहीत, असं तू विचारशील. ते सांगते, पण शेवटी सांगते, कारण सगळ्यात जड जाणार आहे ते तेच.

भावजींच्या दुकानात आम्ही गाड्यांच्या चाकांवर काय करतो हे तुला त्यांच्याकडून कळलं असेल, म्हणजे कळलेलं नाही. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला घासतात आणि लोखंडाची गरम, बारीक भुकटी उडते. ती चाकावर बसते. नुसती बसली असती तर पुसून टाकता आली असती, पण ती तापलेली असते, चाकावरच्या लॅकरमध्ये रुतते, पाणी लागलं की गंजते आणि वर्ष-दोन वर्षांत चांगलं चाक खरूज झाल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून चाक अगदी स्वच्छ करून त्यावर वॅक्सचा किंवा सीलंटचा पातळ थर द्यायचा. वॅक्स ब्रेकच्या उष्णतेने काही आठवड्यांत उतरतं, सीलंट काही महिने टिकतं. मग भुकटी रुतत नाही, साध्या पाण्याने निघून जाते. काम एवढंच आहे. एवढ्याशा कामासाठी मी नऊ कलमं लिहून भिंतीवर लावली होती. पहिलं कलम, चाक गाडीवरून काढा. दुसरं, सीलंट कापडावर घ्या, चाकावर फवारू नका. कारण चाकाच्या आऱ्यांमागे चार बोटांवर डिस्क असते, आणि अख्ख्या गाडीत ती एकच जागा अशी आहे की जी गुळगुळीत होऊन चालत नाही. भावजी त्या कागदाला 'आमच्या मेहुणीबाईंची राज्यघटना' म्हणायचे. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, म्हणजे हसायला माणूस मिळायचा.

कारागीर त्यांना पाठीमागे 'चकाचक' म्हणतात, हे तुला माहीत नसणार. सकाळी आल्या आल्या ते दुकानाची काच स्वतः पुसतात, बाहेरून. आतून पुसायचं कधी सुचत नाही, कारण रस्त्यावरून आतली बाजू दिसत नाही. तीन वर्षांत मी त्यांना पाना हातात धरलेला दोनदा पाहिला, त्यांपैकी एकदा फोटो काढायचा होता. जॅक गाडीखाली कुठे लावायचा हे त्यांना ठाऊक नाही, पण गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात कुठे ठेवायचा हे ठाऊक आहे, आणि दुकान त्यावर चालतं हे मला मान्य आहे. त्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात जाहिरात होती. एकाच गाडीवर फरक दाखवायचा, तीन चाकं राखलेली, एक उघडं. त्यासाठी तुझी गाडी निवडली, कारण तुझी चाकं सगळ्यांत काळी. तुझे रुग्ण चढउताराच्या वस्तीत राहतात, तुला सारखा ब्रेक दाबावा लागतो. तुझ्या कामाची भावजींनी घेतलेली माझ्या माहितीतली ही एकमेव दखल.

आता तो उतार. तुझ्या गाडीला मागे डिस्क नाहीत, ड्रम आहेत. ड्रम म्हणजे बंद डबा, त्यात फवारा शिरत नाही, म्हणून मागची पकड शाबूत राहिली आणि म्हणूनच प्रकरण मनगटावर निभावलं. पुढे दोन्ही बाजूंना डिस्क. त्यातली डावी कोरडी आणि उजवी सीलंटने माखलेली. फाटकाशी तू हलका ब्रेक लावलास तेव्हा मागच्या चाकांनी वेळ मारून नेली आणि तुला काही जाणवलं नाही. तळाशी तू जोरात दाबलास. डाव्या चाकाने धरलं, उजव्याने धरलं नाही. पळणाऱ्या माणसाचा डावा हात मागून कुणी पकडला तर तो डावीकडेच फिरतो, तशी गाडी फिरली. तू हॉस्पिटलच्या बाकावर बसून हेच सांगत होतीस. गाडी ओढली गेली, गाडी ओढली गेली, असं तीनदा म्हणालीस, मी मोजलं. भावजी समजावणीच्या सुरात म्हणाले, की घाबरल्यावर माणूस स्टिअरिंग फिरवतो आणि त्याला वाटतं गाडी फिरली. तू ॲक्सिलरेटर दाबला असतास तर गाडी सरळ जाऊन समोरच्या विजेच्या खांबावर बसली असती. रस्त्यावर टायरचा पट्टा उठला नसता. तो उठला आहे. मी शनिवारी जाऊन टेप लावला. चार मीटर वीस सेंटिमीटर, आणि फक्त डाव्या पुढच्या चाकाचा.

सहाव्या कलमातला तो प्रश्न होता, हे लक्षात घे. त्यांनी स्वतःच्या आईकडे बघायच्या आधी, गाडीकडे बघायच्या आधी तो विचारला. संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नाचं उत्तर झालं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बघायला येणारे लोक ते उत्तर तुलाच समजावून सांगत होते. कुणाच्या मावशीचा पाय असाच चुकला होता, कुणाच्या शेजारणीचा. एवढ्या पायांचे किस्से मी आयुष्यात ऐकले नव्हते. तू त्या सगळ्यांना चहा देत होतीस आणि मान हलवत होतीस.

जाहिरात अजून दुकानाच्या काचेवर आहे. 'महिनाभर भुकटीची चिंता नाही.' खोटं नाही ते. ब्रेक लागलाच नाही तर भुकटी येणार कुठून. हा विनोद मी सहा आठवडे एकटीच करते आहे. त्याखाली चार चाकांचा फोटो आहे, पुढचं डावं काळं, बाकीची झगझगीत, कोपऱ्यात बुधवारची तारीख छापलेली. स्वतःविरुद्धचा पुरावा मोठा करून रस्त्याकडे तोंड करून चिकटवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांना माहीत नव्हतं, अशी शंका तुला घ्यावीशी वाटेल. मीही दोन दिवस घेतली. पण शुक्रवारी दुपारी त्यांनी कारागिरांना सुट्टी दिली आणि ज्यांना जॅक लावता येत नाही त्यांनी दोन डिस्क आणि चार पॅड एकट्याने बदलले. मला म्हणाले, अपघातानंतर बदलायचेच असतात. असं कुठेही नसतं. जुना माल दुकानामागच्या अंगणातल्या भंगाराच्या पिंपात पडला होता. तो मी सोमवारी बाहेर काढला. उघडं लोखंड एका दिवसात गंजतं, तशी डावी डिस्क तांबूस झाली होती. उजवी स्वच्छ होती. सीलंटने आपलं काम चोख केलं होतं. दोन्हींवर मी पाण्याचा एकेक थेंब सोडला. डावीवर तो पसरला, उजवीवर गोल राहून घरंगळला. मग ज्या त्या बाजूचा पॅड डिस्कवर ठेवून त्यावर दहा किलो वजन ठेवलं आणि स्प्रिंगच्या वजनकाट्याने आडवं ओढलं, प्रत्येकी दहा वेळा. डावीला सरासरी चार किलो जोर लागला. उजवीला दीडही लागला नाही. आकडे सोबतच्या कागदावर आहेत. दोन्ही डिस्क माझ्या खोलीत आहेत, चिठ्ठ्या लावून.

तिसऱ्या आठवड्यात मी उजवी डिस्क नेऊन भावजींच्या टेबलावर ठेवली आणि वर पाण्याचा थेंब सोडला. त्यांनी थेंबाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तो पुसला, टेबलावर डाग पडेल म्हणून. पुढे जे म्हणाले ते शब्दशः देते. "घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे. तुझ्या ताईला आता कोण बोलतंय? आणि तिने गाडी सोडली ते एका अर्थी बरंच झालं, माझ्याही जिवाला घोर असायचा." ताई, मला वाटलं होतं ते नाकारतील, आरडाओरडा करतील. तेवढी तरी मेहनत घ्यायला हवी होती. तसं काही नाही. तुझ्या हातून गाडी गेली, काम गेलं, स्वतःच्या पायावरचा भरवसा गेला, आणि या गृहस्थांना त्यात सोय दिसली. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की दुकानाची नवी पाटी करायची आहे आणि त्यावर तांत्रिक प्रमुख म्हणून माझं नाव टाकायचा विचार आहे.

मी नको म्हणाले नाही. मी म्हणाले, विचार करते. पाटी मागच्या मंगळवारी लागली. अक्षरं चांगली आहेत.

मधल्या तीन आठवड्यांत मी स्वतःला सांगत होते, की अजून पुरावा पक्का नाही. आणखी दहा वेळा ओढून बघू, उताराचा कोन मोजू, मग ताईला सांगू. तू मला लहानपणी मोजपट्टी म्हणायचीस ना, ती मोजपट्टी अशी कामाला येते. मोजत बसलं की बोलावं लागत नाही.

गेल्या रविवारी तुमच्याकडे जेवायला आले होते. सासूबाईंना पाणी हवं होतं, तू उठायच्या आधी त्यांची माफी मागितलीस. कशाबद्दल, ते त्यांनाही कळलं नाही. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, अगं बस, मला दुसरा हात आहे. त्यांचा तुझ्यावर राग नाही, हे निदान तुझ्या लक्षात यायला हवं होतं. मग ताटं उचलताना मी खाली वाकले आणि मला तुझा उजवा पाय दिसला. टेबलाखाली, फरशीवर, तो दाबत होता आणि सुटत होता. दाबत होता आणि सुटत होता. वर तू भावजींशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होतीस. नंतर ओट्याशी तू मला म्हणालीस, "अगं, आता मला नीट आठवतंय. मी ॲक्सिलरेटरच दाबला होता." ज्या माणसाला हॉस्पिटलमध्ये खरं आठवत होतं त्याला सहा आठवड्यांनी खोटं 'नीट' आठवायला लागलं. त्या क्षणी मला तुझीही किळस आली, हे लपवत नाही. माणसाच्या गुडघ्यातला कुठला स्नायू किती ताणला जातो हे बोट लावून सांगणारी तू, अकरा रुग्णांना हात धरून चालवणारी, आणि स्वतःचा पाय कुठे होता हे नवऱ्याला विचारून ठरवतेस. घरी जाताना मला कळलं, की ही किळस मी चुकीच्या पत्त्यावर पाठवते आहे.

तर आता या पत्रातलं पहिलं कलम. त्या बुधवारी मी तुमच्या अंगणात होते. तू आत फोनवर होतीस. सीलंट मीच आणलं होतं. ते साध्या झाकणाच्या बाटलीत येतं, मुद्दाम, म्हणजे कापडावरच घ्यावं लागतं. भावजींनी फवाऱ्याचं तोंड आहे का विचारलं. काच पुसायच्या बाटलीचं माझ्या पिशवीत होतं. मी दिलं. ते चाकापुढे वाकले तेव्हा मी एकदा म्हणाले, चाकं काढून करा. ते म्हणाले, "चाकं काढत बसलो तर ऊन जाईल." फोटोला ऊन हवं होतं. यावर मला सांगता आलं असतं, की डिस्कवर उडेल. मला जुना टॉवेल घेऊन डिस्क झाकता आली असती. ते आत चहाला गेल्यावर स्पिरिटच्या कापडाने ती पुसताही आली असती, पाच मिनिटांचं काम, आणि त्यांना कळलंही नसतं. मी काहीच केलं नाही. मी पिशवी उचलली आणि निघाले. तेव्हा मनात काय होतं ते नेमकं लिहिते. करू दे, तोंडावर पडतील तेव्हा समजेल. मला त्यांचा इतका तिटकारा होता की त्यांच्याशी दुसरं वाक्य बोलणं मला कमीपणाचं वाटलं. आणि सकाळी ती गाडी तू काढणार होतीस, हे मला माहीत होतं. मला ते त्या वेळी आठवलं नाही, असंही लिहिता आलं असतं. पण आठवलं होतं. वाटलं, तोवर वाळेल. सीलंट वाळलं की निघून जात नाही, घट्ट बसतं, हे मला त्या घरात सगळ्यांत जास्त कळत होतं.

परवा तुझं पाकीट मिळालं. दवाखान्याचा अर्ज आहे. वाहन चालवण्याबाबत स्वतःवर भरवसा राहिलेला नसल्याने मला घरभेटींच्या कामातून कायमचं मोकळं करावं, अशा मजकुराखाली तुझी सही आहे, आणि साक्षीदाराच्या रेघेवर तू माझ्यासाठी पेन्सिलने फुली केली आहेस. सोबतच्या चिठ्ठीत म्हटलं आहेस, "तुझ्या सहीला वजन आहे, तू यातलं शिकलेली आहेस." मी सही करणार नाही. अर्ज जसा आला तसा परत पाठवते आहे. त्याच्यासोबत माझं निवेदन आहे, दोन पानं, मोजमापं आणि फोटोसकट, तुझ्या वरिष्ठ बाईंच्या नावे. त्याचं पहिलं वाक्य माझ्याबद्दल आहे, भावजींचं नाव दुसऱ्या परिच्छेदात येतं. ते वाचून तुला मला दारात उभं करावंसं वाटलं नाही तर ते मी समजून घेईन. दुकानात मी कालपासून जात नाही, पाटीवरचं नाव त्यांना खोडून घ्यायला सांगितलं आहे. तुझा अर्ज शुक्रवारी, अठरा तारखेला पुढे जाणार आहे. त्याआधी तुला खरं काय ते माहीत असावं, आणि मग तू जे ठरवशील ते तू ठरवलेलं असावं, एवढ्यासाठी हे पत्र. तुझ्या होकाराशिवाय मी निवेदन कुणाला देणार नाही. पण एकदा सांगून निघून जाणंही या वेळी होणार नाही. अर्ज मागे घेतेस की नाही, आणि निवेदन देऊ की नको, या दोन प्रश्नांची उत्तरं मला बुधवारी, सोळा तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत लिहून कळव.

तुझीच,
धाकटी